एकशे त्र्याऐंशी मोबाइल

विवेक थूलचा फोन शुक्रवारी दुपारी आला, अनोळखी नंबरवरून. तीन दिवस त्याचा मोबाइल बंद होता आणि तीन दिवस वडनेरला त्याच्या घरात टीव्ही चालूच होता. सीमेवर लढाई पेटली होती. मार्चमध्ये फौजेचं ट्रेनिंग संपवून विवेक तिकडेच गेला होता.

"जागृती, म्या पाठवलेला तो फोटो कोणाले दाखवला?" त्याने बहिणीला पहिलं हेच विचारलं.

"आईले. काऊन?"

"ग्रुपवर फिरून राह्यला तो. मांगं जागेच्या नावाची पाटी दिसते. माह्यासंग वीस पोरं हाय इथं. साहेब मलेच विचारून राह्यले."

फोन कटला.

आईनं, जिजाबाईंनी, तो फोटो हौसेनं आपल्या भावाला पाठवायला लावला होता. प्रभाकररावांनी गावच्या ग्रुपवर टाकला: 'आमचा भाचा, सीमेवर.' ग्रुपमध्ये एकशे त्र्याऐंशी जण. प्रभाकररावांनी तो लगेच काढला, पण ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये उतरलेला होताच.

"म्या केलं हे," जिजाबाई म्हणाल्या. विवेकच्या बापानं, प्रेमदासनं, चपला घातल्या आणि जागृतीला सोबत घेतलं. मोबाइलमधून फोटो कसा काढून टाकतात ते त्याला येत नव्हतं.

पानठेल्यावर नानाजी ओरडले, "प्रेमदास, पेढे कधी देतं?"

"आधी मोबाइल द्या. विवेकचा फोटो मिटवाचा हाय."

"अबे, मी का पाकिस्तानात राह्यतो?"

बाकावरचे हसले. प्रेमदासनं हात जोडले आणि तसेच ठेवले. हसणं थांबलं. नानाजींनी मोबाइल पुढे केला, मग बाकावरच्या तिघांनीही.

शेजारच्या वच्छलाबाई मात्र अडल्या. विवेकचा फोटो त्यांनी मोबाइल उघडताच दिसेल असा लावला होता. "लेकराले मिटवू? काईबी बोलतं का तू?" शेवटी जागृतीनं पाटी कापली, तेवढा चेहरा ठेवला.

ऊन उतरेपर्यंत सेहेचाळीस मोबाइल झाले. ज्यांच्याकडे जायचं राहिलं त्यांची नावं जागृती वहीत लिहीत होती. विवेकचा नंबर ती मधूनच लावून पाहायची. बंद.

पुढच्या घरी डोमाजीनं स्वतःहूनच फोटो काढून टाकला. मग मान खाजवत म्हणाला, "भाऊ, रागावू नको. पुलगावच्या साळ्याले पाठवलता. त्यानं आणखी कोणाले पाठवला असन तं मले नाई मालूम."

जागृतीनं वही मिटली. प्रेमदास तिथंच ओट्यावर बसला. डोमाजीला म्हणाला, "साळ्याचा नंबर सांग."

जागृतीनं तो लावून मोबाइल बापाच्या हातात दिला.

"मी वडनेरवरून प्रेमदास थूल बोलून राह्यलो. तुमच्या मोबाइलमंदी माह्या पोराचा फोटो हाय."

"कोणता पोरगा?" पलीकडचा म्हणाला. "परवापासून पाच-सहा फौजींचे फोटो आले."

"डाव्या भुवईवर खूण हाय त्याच्या," प्रेमदास म्हणाला. "हसून राह्यला. मांगं पाटी हाय. पाटी वाचू नका."