करवतीवरचं तळं

वाटेवर लार्चचं झाड आडवं पडलं होतं. एका हाताला उभा कडा, दुसऱ्या हाताला दरी. खेचराला वळसा घालायला जागा नव्हती, आणि खेचरावर बसलेल्या हुल्डाबाईंचे गुडघे काही झाड ओलांडू देणार नव्हते.

पलीकडे त्यांचं तळं होतं. अमेरिकेच्या मोंटाना राज्यातलं हे सरकारी रान कायद्यानं कायमचं राखीव व्हावं, म्हणून शाळा सांभाळून त्यांनी अर्धं आयुष्य सभा घेतल्या, लोकांची दारं वाजवली. या वसंतात कायदा झाला. आता इथे रस्ता नाही, लाकूडतोड नाही, यंत्र नाही. बर्फ पडायच्या आत एकदा त्या काठावर बसायचं, एवढंच बाईंचं मागणं होतं.

"ताई, खाली गाडीत माझी मोटरवर चालणारी करवत आहे," धाकटा भाऊ आर्विड म्हणाला. "घुर्रर्र केलं की वाट मोकळी!"

"इथे यंत्र चालत नाही."

"ठाऊक आहे की! तूच आणलास ना कायदा? घे, पहिली तूच अडकलीस!" आर्विड जन्माचा लाकूडतोड्या, आता गावात हॉटेल चालवायचा. कायद्याला त्यानं कायम विरोध केला होता, आज त्याला हसू आवरत नव्हतं.

खेचरांची मालकीण टेसा ही बाईंची जुनी विद्यार्थिनी. ती हळूच म्हणाली, "बाई, इथे कोण बघतंय?"

"मी बघतेय. फळ्यावर माझं चित्र कोण काढायचं, तेही बघत होते."

टेसानं जीभ चावली.

"आर्विड," बाई एकदम म्हणाल्या, "तुझ्या हॉटेलातली करवत काढ. वाटेवर पडलेलं झाड हातानं कापायला कायद्याची ना नाही."

"ती? अगं, ती भिंतीवर शोभेची आहे!"

दोघांनी दोन टोकांना धरून ओढायची ती लांब करवत त्यांच्या वडिलांची. जे लोक कधी वर चढणार नाहीत, त्यांनाही कळावं काय वाचवायचंय, म्हणून बाईंनी तिच्या पात्यावर तळं रंगवलं होतं. गिऱ्हाइकं पॅनकेक खाता खाता ते बघायची. आर्विड कुरकुरायचा, पण धूळ स्वतः पुसायचा.

"चित्र खरवडून जाईल, ताई," तो आता हसत नव्हता.

"जाऊ दे. खरं तळं आता कुठे जात नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी धार लावून करवत वर आली. एका टोकाला आर्विड, दुसऱ्या टोकाला टेसा. पातं लगेच अडकलं.

"ढकलू नकोस गं!" आर्विड ओरडला. "फक्त ओढायचं. आपली पाळी झाली की सोडून द्यायचं."

"हे तुला कधीपासून जमायला लागलं?" बाईंनी विचारलं.

"माझं सोड. जन्मभर ढकलत कोण आलंय?"

मग लय सापडली. करवत गाऊ लागली. पिवळ्या भुशात निळा रंग मिसळू लागला. आधी आकाश गेलं, मग डोंगर, मग पाणी. शेवटी बाई खेचरावरून उतरल्या, टेसाच्या जागी उभ्या राहिल्या. भावानं ओढलं, बहिणीनं ओढलं. कडाड्‌! ओंडका सुटला. तिघांनी मिळून तो दरीत लोटला.

"हे मात्र ढकलायचं होतं!" टेसा म्हणाली आणि तिघंही पोट धरून हसली.

दुपारी हुल्डाबाई तळ्यात पाय सोडून बसल्या होत्या. आर्विड शेजारी बसून पात्यावरचा उरलासुरला निळा रंग बोटानं चाचपत होता.

"परत रंगवून देते," बाई म्हणाल्या.

"नको. तेल लावून ठेवतो." त्यानं समोरच्या उतारावरच्या लार्चांकडे बघितलं. "पुढच्या वर्षी आणखी एखादं पडेलच. तुला यायचंय ना?"