तिळाची बाजू

माणसाला स्वतःचा चेहरा ओळखता येत नाही, असं कोणी सांगितलं तर तुम्ही हसाल. फोटो स्टुडिओत काम करणारी एक बाई मात्र हसणार नाही.

बावीस वर्षं तिचं काम एकच, कॉम्प्युटरवर लोकांचे फोटो साफ करायचे. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळावरच्या आठ्या, सगळं ती पुसायची, आणि तेही गिऱ्हाइकाला न विचारता. वय म्हणजे जणू लेन्सवर बसलेली धूळच! तिची जुळी बहीण तिच्याहून अकरा मिनिटांनी मोठी, म्हणून घरात ती थोरली आणि ही धाकटी. चेहरे अगदी सारखे. फक्त थोरलीचा तीळ डाव्या गालावर आणि धाकटीचा उजव्या.

एका सकाळी थोरली धाकटीचा विसरलेला डबा द्यायला स्टुडिओत आली. ती गेल्यावर एका गिऱ्हाइकाने सहज विचारलं, "धाकट्या बहीण का तुमच्या?"

झालं. धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी तिने एका गृहस्थाचा चेहरा इतका गुळगुळीत केला की त्याच्या बायकोने फोटो परत पाठवला.

थोरली हल्ली चेहऱ्याला हायलुरोनिक ॲसिडचं सीरम लावते, हे तिला ठाऊक होतं. "तूही लाव गं, पन्नाशीनंतर कातडी कोरडी पडते," असं म्हणून तिने बाटली दाखवलीही होती. तेव्हा हिने नाक मुरडलं होतं. आता मात्र हिने गुपचूप तीच बाटली आणली. कसं लावायचं ते विचारलं असतं तर कमीपणा आला असता ना! दोनाच्या जागी दहा थेंब, तेही कोरड्या चेहऱ्यावर, आणि मग दिवसभर एसीत बसायचं. आठवड्याभरात गाल ओढल्यासारखे झाले, बारीक पापुद्रे निघू लागले. थोरलीने मुद्दाम काहीतरी लपवलं, अशी तिची खात्रीच पटली.

त्याच सुमारास आईने भिंतीवर लावायला मायलेकींचा फोटो मागितला. सहा महिन्यांपूर्वी आईने स्वतःच थोरलीचा मोबाइल धरून, हात लांब करून तो काढला होता. दोघी सारख्याच साड्यांत होत्या. धाकटीने फोटो पडद्यावर मोठा केला. एक चेहरा टवटवीत, दुसरा दमलेला. टवटवीत चेहऱ्याचा तीळ डाव्या गालावर, म्हणजे ती थोरलीच. आणखी कोण असणार?

तिने त्या डोळ्यांभोवती बारीक रेघा ओढल्या. ओठांच्या कडेला दोन सुरकुत्या खोल केल्या. दमलेला चेहरा तेवढा पुसून लख्ख केला. 

आईने चष्मा लावून फोटो पाहिला आणि धाकटीला विचारलं, "स्वतःला इतकं म्हातारं का केलंस गं?"

"ती मी नाही, आई. ती ताई आहे."

"पोटच्या पोरी मला ओळखता येत नाहीत होय? हसताना एक डोळा बारीक होतो तो तुझा."

थोरली वाकून पाहू लागली. "बरोबर आहे आईचं. माझा मोबाइल असे सेल्फी उलटे ठेवतो, आरशासारखे. तिळांनी बाजू बदलली आहे."

धाकटीने आपल्या उजव्या गालावरचा तीळ चाचपला. उलटा फोटो ओळखायला ती स्टुडिओतल्या नव्या मुलींना शिकवत असे. "त्या सुरकुत्या मी ओढल्या, ताई," ती म्हणाली. "तुझ्या समजून."

"माझ्या तोंडावर रेघा ओढताना तुला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं. बरं वाटलं."

थोरलीने फोटो पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाली, "हा फोटो काढला तेव्हा त्यातला तुझा चेहरा पाहून मीही जळले होते. म्हणून तर ती बाटली आणली." मग तिचं लक्ष धाकटीच्या गालाकडे गेलं. "आणि हे काय करून घेतलंस?"

धाकटीने सगळं सांगितलं. थोरलीने तिला हाताला धरून बेसिनपाशी नेलं. "अगं, ते पाणी धरून ठेवतं. पण धरायला आधी पाणी तर हवं! चेहरा ओला असताना दोन-तीन थेंब, वरून साधं क्रीम. सध्या नुसतं क्रीमच लाव, गाल बरे होऊ देत. आणि यानं कातडी मऊ राहते, सुरकुत्या थोड्या कमी दिसतात. वय काही मागे जात नाही."

"एका पोटात नऊ महिने भांडण न करता राहिलात," आई बाहेरून म्हणाली, "आणि आता एका बाटलीवरून जळता? एकमेकींना नुसतं विचारलं असतं तरी भागलं असतं."

भिंतीवर शेवटी मूळ फोटोच लागला, सगळ्या सुरकुत्यांसकट. स्टुडिओत धाकटी आता आधी विचारते, "सुरकुत्या पुसू की राहू देत?" बरेच जण जरा विचार करून सांगतात, राहू देत.

वाचकहो, कातडीची काळजी जरूर घ्यावी, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ती स्वतःसाठी घ्यावी, कोणाची जिरवण्यासाठी नाही. दुसऱ्याच्या चेहऱ्यावरच डोळा ठेवून बसलं, की समोर आलेला आपला चेहराही परका वाटतो आणि आपण त्याचाच हेवा करत बसतो.