हात न लावता लाईट बंद

आप्पांवर बंदी आली ती एका रविवारी, सगळं घर जेवून सुस्तावलेलं असताना. मुलगा घसा खाकरून म्हणाला, "आप्पा, आजपासून या घरातल्या एकाही बटणाला तुम्ही हात लावायचा नाही." सुनेनं मान डोलावली. नातीनं तर टाळीच वाजवली. आप्पांनी तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि "बरं" म्हणाले. इतक्या सहज "बरं" म्हणणारा तो माणूसच नव्हे, त्यामुळे तिघांनाही उगाच चुटपुट लागली.

तसं बघायला गेलं तर घरच्यांचं काही चुकलं नव्हतं. आप्पांची उभी हयात एका वाचनालयात गेली. संध्याकाळी किल्ल्यांचा जुडगा घेऊन ते सगळ्या दालनांतून फेरी मारत, कपाटामागे कोणी पेंगत तर नाही ना ते बघत आणि मग एकेक दिवा बंद करत बाहेर येत. इतक्या वर्षांत त्यांनी एकाही वाचकाला अंधारात ठेवलं नाही. घरी मात्र हा लौकिक टिकला नाही. नात अंघोळीला गेली की बाथरूममध्ये अंधार व्हायचा आणि आतून किंकाळी यायची, "आजोबाऽऽ, मी आहे!" सुनेच्या डोक्यावर शांपूचा फेस असताना गीझर बंद व्हायचा. बायको होती तोवर ती आप्पांच्या मागे मागे फिरून त्यांनी बंद केलेलं पुन्हा चालू करायची, आणि दोघांचा दिवस छान जायचा. ती गेल्यावर मागून चालू करणारं कोणी राहिलं नाही. मग आप्पांच्या फेऱ्याच वाढल्या. खरं सांगायचं तर त्या फेऱ्यांशिवाय त्यांना या घरात दुसरं काम उरलं नव्हतं.

कडेलोट झाला तो इंटरनेटच्या डबीमुळे. सूनबाई वस्तीच्या पर्यावरण समितीच्या अध्यक्ष. वीजबचतीची मोहीम कशी राबवायची, हे ती खोलीचं दार लावून कॉम्प्युटरवर सगळ्या सभासदांना समजावून सांगत होती. बाहेर बैठकीच्या खोलीत त्या डबीचे हिरवे दिवे उगाचच लुकलुकताना आप्पांना दिसले. सून तिकडे "म्हणून माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे की" एवढं म्हणाली आणि तिचं तोंड उघडं असलेलं चित्र समितीपुढे तसंच थिजून राहिलं. तोंड मिटायला अर्धा तास लागला म्हणे. पुढचा रविवार तो बंदीचा रविवार.

बंदी लागल्यावर आप्पा आरामखुर्चीत बसून राहू लागले. रिकाम्या खोलीत पंखा फिरायचा, ते बघायचे आणि दोन्ही हात काखेत दाबून धरायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "माझं काय, मी पाहुणा आहे." हे वाक्य सुनेला टोचायचं, पण ओल्या केसांची आठवण ताजी होती. तिनं मन घट्ट केलं.

मोहीम मात्र थाटात उभी राहिली. लिफ्टमध्ये मोठं पोस्टर लागलं: 'येत्या शनिवारी एक तास लाईट बंद! चला, पृथ्वीला विश्रांती देऊ या!' पोस्टर नीट वाचता यावं म्हणून त्याच्यावर एक खास दिवा बसवला, तो दिवसरात्र जळत होता. कार्यक्रम गच्चीवर ठरला. वीज कंपनीचे साहेब येणार, भाषण होणार, सर्वांत चांगला अंधार करणाऱ्या इमारतीला प्रमाणपत्र मिळणार. भाषणासाठी लाउडस्पीकर हवा. शिवाय अंधारात बसलेली माणसं फोटोत नीट दिसायला हवीत, म्हणून दोन मोठे हॅलोजनचे दिवे मागवले. या सगळ्याला गच्चीवर वीज नव्हती. आप्पांचं घर सर्वांत वरच्या मजल्यावर, तेव्हा सुनेनं स्वतःच्याच घरातून वायर दिली. ती वायर झोपायच्या खोलीच्या खिडकीतून वर गेली. ती आप्पांनी पाहिली, पण ही कसली म्हणून विचारलं नाही. पाहुणे असल्या चौकशा करत नाहीत.

शनिवारी संध्याकाळी घरात एकच धांदल उडाली. नात म्हणाली, "आजोबा, चला ना वर, मज्जा येईल!"

"माझे गुडघे दुखतायत," आप्पा म्हणाले. गुडघे ठणठणीत होते. दुखत होतं ते दुसरंच.

सुनेनं भराभर घरातले सगळे दिवे घालवले, हातावर हात झटकले आणि म्हणाली, "चला, आपलं घर झालं!" तिघं बाहेर पडले. एकच मजला चढायचा, तरी लिफ्टनं गेले. त्या तासाभरात लिफ्ट इतकी खाली-वर झाली की एरवी आठवड्यात होत नसेल. सगळी इमारत वीज वाचवायला वर चालली होती.

आप्पा काळोखात बसले. थोड्या वेळानं डोळे सरावले आणि त्यांना दिसलं ते पाहून ते खुर्चीत सरळ झाले. टीव्हीचा पडदा काळा, पण खालचा लाल दिवा पेटलेला. डोक्यावर पंखा. मुलाच्या खोलीत एसी घुमत होता, खोलीत चिटपाखरू नाही. नातीचा कॉम्प्युटर, गीझरचा लाल ठिपका, आणि ती डबी, लुकलुक लुकलुक, जणू आप्पांना डोळाच मारत होती.

आप्पांच्या बोटांना कंड सुटली. पण शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द मोडणाऱ्यांतले ते नव्हते. दुसरीकडे ते जन्मभर पुस्तकांत वावरलेले, तेव्हा शब्दाचा कीस काढण्यात तयार. त्यांनी पोस्टरवरची ओळ आठवली. लाईट बंद. आता लाईट म्हणजे काय? महिन्याचं लाईट बिल येतं ते काय नुसत्या दिव्यांचं येतं? लाईट गेली म्हणतो तेव्हा पंखा फिरत राहतो का? म्हणजे सूनबाईंनी घालवले ते नुसते दिवे, लाईट अजून बंद व्हायचीच आहे. अध्यक्षांच्याच घरी आज्ञा अर्धवट पाळली गेली, हे काही बरं दिसत नाही.

लाईट बंद करायची तर मेन स्विच. तो दारावरच्या पेटीत. राहता राहिली बंदी. बंदी होती हात लावण्याची. काठी लावण्याबद्दल रविवारी काहीच चर्चा झाली नव्हती. आप्पांनी खुर्चीला टेकवलेली फिरायला जायची काठी उचलली, टाचा उंचावल्या आणि काठीच्या टोकानं मेन स्विच खाली पाडला.

वर गच्चीवर साहेबांचं भाषण रंगात आलं होतं, खिडकीतून शब्द न् शब्द ऐकू येत होता. "आज या इमारतीनं दाखवून दिलं आहे की..." आणि खटकन सगळं गप्प झालं. ती वायर कसली होती ते आत्ता आप्पांच्या डोक्यात शिरलं. आता मुलगा येणार, पुन्हा रविवार भरणार, आणि आपली फेरी या जन्मी परत मिळणार नाही. त्यांनी स्विच वर करायला घाईघाईनं काठी उचलली.

पण वरून ओरडा आला नाही. आधी शांतता झाली, मग कुठून तरी एक "आहा!" आला आणि मग टाळ्यांचा कडकडाट. आप्पा चक्रावले.

थोड्या वेळानं जिन्यावर पावलं वाजली. सून एकटीच आली, हातात मोबाइलचा उजेड. तिनं तो आधी पेटीवर पाडला, मग काठीवर, मग आप्पांच्या तोंडावर.

"आप्पा, हात लावलात?"

"नाही. काठी लावली."

सुनेनं मोबाइल खाली केला. मग चपलांच्या स्टँडलाच टेकून बसली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. हसता हसता म्हणाली, "साहेब म्हणतायत, असा शंभर नंबरी अंधार त्यांनी कुठल्याच इमारतीत बघितला नाही. सगळ्यांना वाटलं, कार्यक्रमातच होतं."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, हो."

वर माणसं लाउडस्पीकरशिवाय, साध्या आवाजात बोलत होती.

"याला सांगशील?" आप्पांनी हळूच विचारलं. याला म्हणजे मुलाला.

ती उठली. "राहू द्या तो स्विच आणखी थोडा वेळ," एवढंच म्हणाली आणि वर गेली.

प्रमाणपत्र याच इमारतीला मिळालं. ते खाली दर्शनी भागात टांगलं आणि लोकांना दिसावं म्हणून त्यावर एक ट्यूब लावली. तीही दिवसरात्र चालू. बाकी इमारतीत काडीचाही फरक पडला नाही. रविवारपासूनच पंखे रिकाम्या खोल्यांना वारा घालू लागले, टीव्ही भिंतींना बातम्या सांगू लागले. आप्पांच्या घरीही तेच. मुलगा काही बोलला नाही, म्हणजे सुनेनं सांगितलं नव्हतं. पण बंदी उठल्याचंही कोणी म्हणालं नाही. आप्पा पुन्हा खुर्चीत आले, हात काखेत गेले.

मग एका सकाळी, सगळे कामाला गेल्यावर, अडगळीच्या खोलीत दिवा दिसला. त्या खोलीत जुनी ट्रंक, मोडका कुलर आणि एक शिलाई मशीन. सकाळच्या घाईत तिथं कोण कडमडलं असेल? आप्पा दारापर्यंत गेले, दिव्याकडे बघत उभे राहिले आणि परत फिरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तो दिवा चालू. आप्पांना आता राग येऊ लागला. वाचनालयात असं घडलं असतं तर त्यांनी शिपायाला फैलावर घेतलं असतं.

त्याच्या पुढच्या सकाळी ते पेपर उघडून बसले, पण डोळे पेपराच्या वर होते. मुलगा गेला, नात गेली. सुनेनं पायात चपला सरकवल्या, खांद्याला पर्स अडकवली, दार उघडलं. मग थांबली. चपलांसकट माघारी आली, अडगळीच्या खोलीत गेली. काही घेतलं नाही, काही ठेवलं नाही. बटणाचा टक असा आवाज झाला आणि ती लगबगीनं बाहेर पडली. पेपराकडे बघणंही तिनं टाळलं.

आप्पांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा पेपरातली अक्षरं पुसट झाली. बायको गेल्यापासून या घरात आपल्यासाठी कोणी मुद्दाम काही चालू ठेवलं आहे, असं त्यांना प्रथमच वाटलं.

ते तरातरा अडगळीच्या खोलीकडे गेले. काठी खुर्चीलाच राहिली. बोटानं, चांगलं दाबून, त्यांनी बटण बंद केलं आणि लिफ्टपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात गरजले, "या घरात दिवा बंद करायची कुणाला म्हणजे कुणाला अक्कल नाही!"

बाहेर लिफ्टचं दार उघडता उघडता थांबलं.

"चुकलं आप्पा," सुनेचा आवाज आला. "उद्या नक्की लक्षात ठेवते."

दुसऱ्या दिवशी तिनं लक्षात ठेवलं. दिवा चालूच होता.