साक्षीतला उखाणा

कृष्णात वकिलांच्या पत्राला लालासाहेबांनी दोन महिने उत्तर दिलं नव्हतं. त्यात मागणं एवढंच होतं : ‘हरणाबाईच्या साक्षीच्या वेळी तुम्ही पहिल्या बाकावर होता. घडलं ते सही करून लिहून द्या. त्याशिवाय साताऱ्याच्या वरच्या कोर्टात तिचं काही खरं नाही.’ पण म्हाताऱ्या लालासाहेबांची वकिलीची सगळी कामं ती साक्ष घेणाऱ्या न्यायाधीशांपुढेच चालायची, आणि त्या न्यायाधीशसाहेबांच्या जिभेपुढे भलेभले चळचळ कापायचे.

हरणाबाई माण तालुक्यातली. नवऱ्यानं मुंबईत दुसरी केली आणि हिला दोन पोरांसकट टाकलं, म्हणून तिनं पोटगी मागितली. ती साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा न्यायाधीशसाहेबांनी विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

"थोरल्याचा बा."

अर्जावर नाव होतं. तरी साहेब खुर्चीत रेलले. "नाव घ्यायला लाजतेस? मग उखाणा घे. तोवर उभी राहा."

तिचा वकील कृष्णात उठला. "साहेब, हे बरं नाही..."

"बसा खाली! मिसरूड फुटलं नाही अजून, मला कायदा शिकवता?"

दुसरी कामं पुकारली गेली. हरणाबाई उभीच. दुपार कलली तसा तिनं पिंजऱ्याचा कठडा धरला. शेवटी पदर ओढून, लग्नात बायकांनी शिकवलेला उखाणा तिनं म्हटला :

"हाती हिरवा चुडा, कपाळी कुंकवाचा टिळा,
हरिबांच्या जिवावर फुलला संसाराचा मळा."

कोर्ट खदखदून हसलं. साहेब हसले नाहीत. कारकुनाला म्हणाले, "लिहा. नवऱ्याच्या जिवावर संसार नीट चालला आहे, असं अर्जदार कबूल करते." उखाण्याचा शब्दही कागदावर आला नाही. अर्ज फेटाळला गेला. पुढं साहेबांनी कृष्णातला इतकं छळलं, की तो सांगलीला निघून गेला; तिचं काम मात्र त्यानं सोडलं नाही.

बाजारच्या दिवशी हरणाबाई कोर्टाच्या फाटकाशी आली. गुंडा नावाचा पट्टेवाला ओरडला, "आली उखाणेवाली! घे की एक, च्या पाजतो!"

चहाच्या टपरीवरचे वकील फिदीफिदी हसले. ती सरळ त्यांच्यात बसलेल्या लालासाहेबांपुढे येऊन थांबली.

"आवं वकीलसायेब, तवा समदी हसली. तुमी न्हाई हसलासा. म्या बघितलं."

लालासाहेबांना जरा बरं वाटलं. "बाई, मला ते..."

"म्हंजी तुमाला कळत हुतं," ती म्हणाली. "आन् तरी गप बसलासा."

लालासाहेबांनी हातातला चहा खाली ठेवला.

"साताऱ्यात माजी तारीख सोमवारी हाय," एवढं बोलून ती वळली. पाठीमागून गुंडानं शीळ घातली.

घरी येऊन लालासाहेबांनी सगळं लिहिलं. उखाणा, तिचं उभं राहणं, न्यायाधीशसाहेबांचं नाव. खाली सही केली. त्यांच्या बायकोनं, विजयमालाबाईंनी ते वाचलं. "आवं, उद्यापास्नं कुठल्या कोर्टात उभं ऱ्हाणार तुमी?"

"कुठल्याच नाही," ते म्हणाले आणि चपला पायांत सरकवल्या.

पोस्टात मास्तरांनी पाकिटावरचा कृष्णातचा पत्ता वाचला, शिक्का मारला आणि पाकीट सांगलीच्या थैलीत टाकलं.