खिशातला पिवळा बिल्ला

रविवारी सकाळी आठच्या सुमारास, कपडे मशीनमध्ये टाकताना, आईला मुलीच्या जॅकेटच्या खिशात पिवळा बिल्ला सापडला.

प्लॅस्टिकचा, बाटलीच्या झाकणाएवढा, वर सत्तावीस हा आकडा. तो कुठला हे तिला कोणाला विचारावं लागलं नाही. ती बेकरीच्या गल्ल्यावर बसते आणि समोरच आरोग्य केंद्र आहे. तिथून बाहेर पडणारे आधी पाव घेतात, मग घरी जातात, त्यामुळे तिथली बित्तंबातमी तिच्याकडे असते. मोठ्यांना पांढरा बिल्ला, लहान मुलांना निळा. हे दोन्ही त्याच दिवशी परत करायचे. पिवळा दहा ते एकोणीस वयाच्यांचा. तो जवळ ठेवायचा आणि पुढच्या खेपेला घेऊन यायचा, कारण त्यांच्या खोलीत नाव पुकारत नाहीत, नंबर पुकारतात.

ती खोली गेल्या वर्षी झाली. कुठल्या कुठल्या देशांनी मिळून पैसा दिला होता. दारावर पाटी लागली: ‘स्त्रिया, मुले आणि किशोरवयीन यांच्या आरोग्यात गुंतवणूक’. मुलीची आत्या उद्घाटनाला जाऊन आली आणि म्हणाली, “गुंतवणूक म्हणे! पोरं म्हणजे काय मुदत ठेव आहे?” खोली मात्र विचार करून बांधली होती. आतला शब्द बाहेर जाणार नाही अशा भिंती, मागच्या गल्लीतून यायला वेगळं दार. फक्त बसायचे बाक सगळ्यांना एकच होते, आणि पोरांना प्रसन्न वाटावं म्हणून कोणीतरी बिल्ल्याचा रंग भडक पिवळा निवडला होता. हॉल कितीही भरलेला असो, पिवळा बिल्ला धरून बसलेलं पोर दारातूनच दिसतं. गावभर त्या खोलीला आता ‘पिवळी खोली’ म्हणतात.

आईने बिल्ला ओट्यावर ठेवला आणि मशीन सुरू करायची विसरली.

मुलगी सोळा वर्षांची. पायाचा आवाज न करता घरात वावरते म्हणून तिला सगळे मनी म्हणतात. गेले काही आठवडे ती शाळेतून येऊन झोपत होती, ताटात अर्धं टाकत होती, जिन्याच्या वळणावर थांबत होती. आई हे परीक्षेच्या नावावर टाकून मोकळी झाली होती. आता त्यातली एकेक गोष्ट दुसऱ्याच बाजूने दिसू लागली.

“वहिनी,” आत्याने बिल्ला उलटसुलट करून पाहिला, “सर्दी-खोकल्याला कोणी पिवळ्या खोलीत जात नाही.”

“मी कुठे म्हणते जातात?”

“मी पण काही म्हणत नाही. कुठेतरी पाणी मुरतंय, एवढंच. दादाला कळलं तर?”

“त्यांना कोण सांगणार आहे?”

“मी नाही बाई. माझ्या पोटात गोष्ट राहते.”

आत्याच्या पोटात एखादी गोष्ट राहिल्याचं त्या घरात कोणाला आठवत नाही. तिचा दादा, म्हणजे मुलीचा बाप, लांब पल्ल्याची बस चालवतो. तो शुक्रवारी येणार होता.

सोमवारी दुकान उघडल्यावर आई रस्ता ओलांडून केंद्रात गेली. खिडकीवरच्या माणसापुढे तिने बिल्ला ठेवला.

“हा नंबर कशासाठी आला होता?”

“ताई, नंबरचं सांगता येत नाही.”

“अहो, मी तिची आई आहे!”

हे जरा मोठ्याने झालं. बाकांवरची कुजबुज थांबली. पिवळ्या खोलीतून सिस्टर बाहेर आली आणि बिल्ला उचलून तिने आईच्या मुठीत परत दिला. सिस्टर रोज संध्याकाळी बेकरीत येते, दोघींची चांगली ओळख आहे.

“इथे आईलाही सांगत नाहीत, ताई. तिने सांगितलं तर ऐका.”

“म्हणजे काहीतरी आहे.”

“काही नसतं तरी मी हेच म्हणाले असते.”

आईला ते पटलं नाही. ज्याच्यात काही नाही ते लपवायचं कशाला?

बाकावर मुलीच्या वर्गातल्या एकीची आजी बसली होती; शाळा सुटेपर्यंत गोष्ट मुलीच्या कानावर गेली. संध्याकाळी मुलगी घरी आली ती बूट न काढताच स्वयंपाकघरात उभी राहिली.

“सिस्टरने सांगितलं ना तुला? रोज पाव घ्यायला येते तुझ्याकडे. मला तेव्हाच कळायला हवं होतं.”

आईकडे एका वाक्याचं उत्तर होतं: तिने नाही, मीच तुझा खिसा तपासला. आत्या कपड्यांच्या घड्या करता करता थांबली होती.

“आईपासून काय लपतं?” आई म्हणाली.

“मग तूच सांग, काय झालंय मला!”

आईने गॅस बारीक केला.

“नाही ना माहीत? अजून सगळं नाही सांगितलं वाटतं तिने. मी परत तिथे पाय ठेवणार नाही.”

आईला आधी बरं वाटलं. पोरगी त्या खोलीतून सुटली असं तिला वाटलं.

बुधवारी दुपारी सिस्टर बेकरीत आली. एरवी ती संध्याकाळी येते.

“काही उपचार मध्येच सोडायचे नसतात,” पाव पिशवीत ठेवता ठेवता ती म्हणाली. “सोडले तर नुसतं पहिल्यापासून करून भागत नाही.”

“कोणाबद्दल बोलताय?”

“कोणाबद्दलच नाही. गुरुवारी खोली तीनला उघडते, हे सगळ्यांनाच सांगते मी. सुटे आहेत का?”

आईने तिचा चेहरा निरखून पाहिला. ही घाबरवते आहे की सांभाळून घेते आहे? आणि उपचार म्हणाली. ज्या गोष्टीची आईला तीन दिवस धास्ती होती, तिला कोणी उपचार म्हणेल का? म्हणेलही. तो शब्द दुकान बंद होईपर्यंत तिच्या डोक्यातून गेला नाही.

घरी येताना जिन्याच्या वळणावर मुलगी उभी दिसली. एक हात कठड्यावर, तोंड उघडं, ओठ पांढरट. आईला पाहताच ती ताठ झाली.

“सिस्टरने काही सांगितलेलं नाही,” आई म्हणाली. “बिल्ला मला तुझ्या जॅकेटमध्ये सापडला. विचारायला मीच गेले. तिने मला दारातूनच परत पाठवलं.”

मुलीने कठड्यावरचा हात काढला.

“हे सांगायला तिने पाठवलंय तुला?”

“नाही गं.”

“आज दुपारी दुकानात आली होती ती. मी पाहिलं.”

“पाव घ्यायला आली होती.”

“दुपारी?”

 आईने पर्समधून बिल्ला काढून कठड्यावर ठेवला आणि ती वर गेली. आपण मागे वळून पाहिलं तर पोर तो उचलणार नाही, असं तिला वाटलं.

गुरुवारी सकाळी कठड्यावर बिल्ला नव्हता. मुलगी शाळेत गेली होती. आत्या शपथेवर म्हणाली, “मी हात लावलेला नाही, वहिनी.” शपथ जरा लवकरच घेतली, असं आईला वाटलं.

तीन वाजता आई गल्ल्यावर होती. बेकरीतून केंद्राचं पुढचं दार दिसतं, मागची गल्ली दिसत नाही. गिऱ्हाईक टाकून ती रस्ता ओलांडून गेली नाही. साडेचारला खिडकीवरचा माणूस बिस्किटं घ्यायला आला. तिने नंबर विचारला नाही. त्याने सुटे मोजून दिले, मागे वळून केंद्राकडे पाहिलं, आणि तो निघून गेला.

पाचला पाच मिनिटं असताना आत्याचा फोन आला. शाळेतून निरोप होता: मुलगी मधल्या सुट्टीनंतर वर्गात नव्हती. घरीही पोचली नव्हती. बाप एक दिवस आधीच निघाला होता, रात्री येणार होता. त्याला कोणी कळवलं हे आत्याने सांगितलं नाही.

समोर खिडकीची झडप खाली आली. पिवळ्या खोलीतला दिवा अजून चालू होता.