समुद्राकडचं दार

माझे सासरे किल्ल्यावर पहारेकरी आहेत. संध्याकाळी प्रत्येक दार लावण्याआधी ते आत तोंड करून ओरडतात, "कोणी राहिलंय का?" समुद्राकडच्या दारात मात्र ते बाहेर तोंड करून तीच हाक मारतात आणि वाट बघत बसतात. माझा नवरा त्याच दारातून होडी घेऊन गेला, तो परतलाच नाही.

तेव्हापासून मी किल्ल्यावर पाऊल ठेवलं नव्हतं. आज त्यांच्या अंगात ताप होता, म्हणून न्यायला गेले. हे खूळ बघून माझं डोकंच फिरलं.

"मामंजी, पुरे झालं आता. लावा ते दार."

"तूच लाव," म्हणत ते बाजूला झाले.

मी तणतणत अडसराला हात घातला, आणि माझ्याच तोंडून हाक निघाली.

मग आम्ही दोघं वाट बघत बसलो.