सिराची ग्वाही

भैरवीने दुधाचे पातेले गॅसवर ठेवले, शेजारीच उभी राहून लवंगांची डबी उघडली आणि डोळे मिटून नाकाशी धरली. मग मिऱ्यांची, मग कॉफीची. डॉक्टरांनी सांगितलेला हा सराव तापातून उठल्यापासून ती रोज सकाळी करीत असे. यमुताई, तिच्या सासूबाई, त्याला सुनेचे नवे खूळ समजत. तिन्ही डब्यांतून नुसती हवा आली.

"दूध करपून राहिलं ना वं," यमुताई देवघरातून धावत आल्या. "बाजूलेच उभी आहेस, अन् तुले वास नाही आला?"

भैरवीने गॅस बंद केला आणि पातेल्याच्या काळ्या तळाकडे पाहत राहिली.

धरमपेठेजवळच्या एका हॉटेलात वाइन निवडण्याचे काम तिच्याकडे होते. पाहुण्यांना वाढण्याआधी प्रत्येक बाटली तिने हुंगून, चाखून 'चांगली' म्हणायची, असा तिथला रिवाज. त्यातही सिरा ही लाल वाइन तिच्या विशेष जिव्हाळ्याची. फ्रान्समध्ये ऱ्होन नदीकाठच्या उतारांवर शिकत असताना एकाच पेल्यात तिला काळे मिरे, कुठल्याशा रानफुलाचा दरवळ आणि विझत्या चुलीचा धूर भेटला होता. त्या वासापायी तिने औषध कंपनीतली बरी नोकरी सोडली. आता वास गेला होता, आणि ही गोष्ट तिने कुणालाही सांगितली नव्हती. मागच्या शनिवारी सिराच्या एका बाटलीची तारीफ तिने निव्वळ आठवणीवर केली. पाहुण्यांनी माना डोलावल्या. पेले मात्र अर्धे भरलेलेच परत आले. बाटलीत उरलेली वाइन ती गुपचूप घरी घेऊन आली होती. आज संध्याकाळी पाहुण्यांसाठी पुन्हा सिराच होती.

तिने कपाटातून ती बाटली काढली, घोटभर पेल्यात ओतली आणि पेला सासूबाईंपुढे धरला.

"आई, याला वास कसला येतो, सांगाल?"

"आता सकाळी सकाळी दारू हुंगायले लावतेस मले?" पण सुनेचा चेहरा पाहून यमुताई वाकल्या, आणि लगेच मागे सरल्या. "कुबट. भिवापूरले आमच्या घरी मिरच्यांची पोती भिजली की असाच यायचा."

"मिऱ्यांचा नाही? धुराचा?"

"कुठले मिरे घेऊन बसलीस. सडलं आहे ते."

भैरवी खाली बसली. उघडी राहिलेली वाइन आंबते, अशी कुबट होत नाही; म्हणजे बाटली मुळातच बिघडलेली होती, आणि केवळ तिच्या शब्दावर भल्या माणसांनी ती गोड मानून घेतली होती. मान वर न करता तिने सासूबाईंना सगळे सांगितले.

यमुताई तिच्याशेजारी येऊन बसल्या. मग हलकेच म्हणाल्या, "मी येते ना तुझ्यासंग. मागं उभी राहीन, खुणा करीन. कोणाले कळते?"

भैरवीला हसू आले, आणि त्याच क्षणी ते तिला शक्यही वाटले. क्षणभर तिने त्यांचा हात घट्ट धरून ठेवला. मग सोडला.

तिने हॉटेलच्या व्यवस्थापकांना फोन लावला. तिचा स्वर रोजच्यासारखाच होता. आजपासून बाटल्या तिचा सहकारी सौरव तपासेल, ती म्हणाली. शनिवारच्या पाहुण्यांना मी स्वतः कळवते की ती वाइन खराब होती. कारण तिथे येऊन सांगते.

फोन ठेवून ती बेसिनपाशी गेली आणि बाटली उपडी केली. यमुताईंनी नाकाला पदर लावत खिडकी उघडली. शेवटचा थेंब जाईपर्यंत भैरवी तिथेच, बेसिनवर वाकून वास शोधत, उभी होती.